विधवांचा वाटा

आमच्या गावात आब्दोन रुरुशची गोष्ट सांगताना लोक हात पसरून दाखवतात, एवढं पोतं आणि एवढा खांदा. लहान पोरं तोंड उघडं टाकून ऐकतात. मला ते ऐकलं की किळस येते. सांगणाऱ्यांपैकी निम्मे कधी बेटावर गेलेले नाहीत. मी आब्दोनच्या मागे त्याच वाटेवरून पोती वाहिली आहेत, त्याच्या अंगाचा वास घेतला आहे. म्हणून मी सांगतो.

बेट म्हणजे समुद्रातला उघडा खडक. गवताची काडी नाही. पाखरं लाखोंनी, आणि त्यांची विष्ठा वर्षानुवर्षं साचून दगडासारखी घट्ट झालेली. ती कुदळीनं फोडायची, चाळायची, पोत्यात भरायची, पोत्याचं तोंड शिवायचं आणि खांद्यावर घेऊन कड्यावरच्या घसरणीपर्यंत न्यायचं. तिथून पोतं खाली तराफ्यात जातं. खत खालच्या खोऱ्यांतल्या शेतांसाठी, पण ते काढायला माणसं आमच्या डोंगरातली लागतात. समुद्रकाठची माणसं येतात, एक दिवस ओकतात आणि परत जातात.

वासाची सवय होते असं म्हणतात. होत नाही. वास पावात शिरतो, पांघरुणात शिरतो, दातांच्या फटींत बसतो. हंगाम संपवून गावी गेलो की बायको पहिले काही दिवस माझं अंथरूण ओसरीत घालायची. 

काम नेमून दिलेलं असायचं. मुकादम पहाटे टोळीला तिचा तुकडा दाखवी. तो संपला की दिवस संपला. उजाडायच्या आत सुरू करायचं, कारण दुपारी वारा सुटतो आणि सगळं बेट धुळीनं भरतं. ती धूळ छातीत गेली की रात्रभर खोकला. नीट पावलं टाकणारी टोळी वारा सुटायच्या आत मोकळी होई. मग समुद्राच्या पाण्यात अंग खसाखसा धुवायचं, एकमेकांच्या पाठीवरचे गोचीड काढायचे, फाटलेलं शिवायचं, आडवं व्हायचं. मी हे सगळं कामातच धरतो. जो गोचीड काढत नाही तो ताप घेऊन पडतो, आणि त्याची पोती दुसऱ्याला उचलावी लागतात.

आणि कामाच्या मध्यावर बैठक. आमच्या टोळीत पोती शिवायला तिबुर्सियो होता, सगळ्यांत वयस्कर. आम्ही त्याला तायता म्हणायचो, घरातल्या थोरल्याला म्हणतात तसं. सूर्य खडकाच्या टोकावर आला की तो दाभण पोत्यात खोचून ठेवी आणि म्हणे, "बसा." मग बायकोनं विणलेलं फडकं जमिनीवर पसरी आणि त्यावर कोकाच्या पानांचा ढीग ओती. आधी चांगली, अखंड पानं निवडून जमिनीच्या नावानं बाजूला. मग प्रत्येकाला ओंजळ. ती दोन्ही हातांनी घ्यायची, एका हातानं घेणं म्हणजे कुत्र्याला टाकलेला तुकडा उचलणं. भोपळ्याच्या डबीतला चुना काडीनं लावायचा, गालात तोबरा धरायचा, आणि पानांची चव उतरेपर्यंत बसायचं. कोणी बोलतं, कोणी नाही. फडकं कोणी ओलांडत नाही. मुकादमसुद्धा वळसा घालून जातो.

पानं बसूनच खायची, हा नियम. आमच्या आजोबांनी खाणींत पाहिलं होतं. तोबरा गालात असला की भूक कळत नाही, थकवा कळत नाही, आणि मालकाला हे माणसाआधी कळतं, मग तो थांबूच देत नाही. म्हणून बसायचं.

आब्दोन माझ्याबरोबर बेटावर आला. त्याच्या मुलीच्या बारशाला पाणी घालायला मी धर्मबाप म्हणून उभा राहिलो होतो, म्हणून तो मला कोंपाद्रे म्हणे आणि मी त्याला. रुंद छातीचा, आखूड मानेचा, शब्द कमी. मला वाटलं, कामाचा माणूस आणला.

पहिल्याच बैठकीला तायतानं फडकं पसरलं, आम्ही सगळे टेकलो. आब्दोन उभाच.

"काय रे, मूळव्याध आहे का?" तायतानं विचारलं.

"तुम्ही बसा, तायता. मी दोन खेपा मारून येतो."

"खेपा काय पळून चालल्यात?"

आब्दोन ओशाळं हसला, वाकून पानं उचलली, उभ्या उभ्या गालात कोंबली आणि पोतं खांद्यावर घेऊन निघाला. निघाला म्हणजे पळाला. तो पळतच असे. गालात तोबरा, कोपऱ्यातून हिरवी लाळ हनुवटीवर, तिथून छातीवर. आमच्यासमोरून गेला की लाळेचे थेंब धुळीत पडलेले दिसायचे. मी पानं चघळणारा माणूस आहे, पण त्या थेंबांकडे बघून मला माझ्या तोंडातलं थुंकावंसं वाटलं.

लोकांना त्याचं ते पळणं फार आवडतं सांगायला. मला विचाराल तर तो ओझं वाहायचा वाईट. पळणाऱ्याच्या खांद्यावर पोतं उड्या मारतं, कातडी घासतं, आणि प्रत्येक उडी कंबरेत जाते. चांगला हमाल पोतं मानेच्या मुळाशी बसवतो, गुडघे जरा सैल ठेवतो आणि पाऊल असं टाकतो की पोत्याला आपण हललो हे कळू नये. त्याला घाम कमी येतो. बघणाऱ्याला वाटतं, हा काम चुकवतोय. मुकादमाला तर हमखास तसंच वाटतं.

मुकादम होता उर्बानो. जाड मानेचा, गळ्यात शिट्टी, काखेत थर्मास. स्वयंपाकघराच्या दाराशी त्यानं एक फळी ठोकली आणि लाल रंगानं त्यावर आब्दोनचं नाव काढलं. आम्ही जेवणाची रांग लावली की तो फळीवर बोटांनी टकटक करी.

"बघा! माणूस असावा तर असा. तुम्ही काय पाखरं मोजायला आलात?"

आब्दोन त्या फळीखाली बसून जेवायचा. तेवढ्यापुरता तो बसे. जेवण गिळायचं आणि उठायचं. टोळीचा तुकडा संपला की आम्ही समुद्राकडे आणि हा दुसऱ्या टोळीच्या तुकड्यावर. वारा सुटला तरी धुळीत एकटाच ये-जा करत असायचा, तोंडावर फडकं बांधून. मुकादम टेकाडावर उभा राहून टाळ्या वाजवायचा. टाळ्यांचा आवाज आमच्यापर्यंत यायचा. आम्ही पाण्यात उभे असायचो, आणि अंग धुताना चोरी केल्यासारखं वाटायला लागलं.

मग मुकादमानं तुकडे वाढवायला सुरुवात केली. आधी हातभर, मग आणखी. "तो एकटा दोन तुकडे करतो, तुम्ही दीड का नाही?" काम दुपारच्या वाऱ्यात जायला लागलं. धुवायला वेळ नाही, गोचीड काढायला वेळ नाही. रात्री कोठीत सगळे खाजवत आणि खोकत पडलेले. एकाला ताप चढला, मग दुसऱ्याला. त्यांची पोती आमच्या खांद्यांवर आली. फळीवरचं नाव तेच राहिलं.

"तुझ्या कोंपाद्रेला आवर, मेल्चोर," तायता मला म्हणाला. "नाहीतर कोणीतरी त्याला कड्यावरून ढकलेल, आणि मी दुसरीकडे बघत असेन."

मी आब्दोनला पाण्याच्या पिंपापाशी गाठलं.

"हे काय चालवलंयस?"

"काय चालवलंय? काम करतो."

"काम आम्हीही करतो. तू आमच्या डोक्यावर पाय देतोस."

तो पाणी प्याला, तोंड पुसलं. "पुढच्या हंगामाला मुकादमाच्या हाताखाली घेणार आहेत मला. त्यानं शब्द दिलाय. टोपी, शिट्टी, सगळं."

"आणि मग?"

"मग काय. माझ्या बापाला गाव काय म्हणायचं, ठाऊक आहे ना?"

ठाऊक होतं. त्याचा बाप खाणीतून परत आला आणि नंतरची सगळी वर्षं घरासमोरच्या भिंतीला पाठ लावून उन्हात बसून काढली. येणारा जाणारा त्याला ऐतखाऊ म्हणायचा. पोराला ऐतखाऊचं पोरगं. जत्रेत, शाळेत, नदीवर.

"मी शिट्टी घेऊन गावात गेलो," आब्दोन म्हणाला, "की कोणाची जीभ उचलते ते बघतो."

"एका शिट्टीसाठी?"

"तुला नाही कळायचं, कोंपाद्रे. तुझा बाप चालता चालता मेला."

हे खरं होतं. माझा बाप खेचराच्या मागे चालता चालता पडला आणि गाव अजून त्याचं नाव आदरानं घेतं.  पण आब्दोनच्या हनुवटीवरची वाळलेली हिरवी रेघ बघून मला वाटलं, याला आत्ताच्या आत्ता समुद्रात बुडवून खरवडून काढावं.

त्यानंतर मी त्याच्या मागोमाग चालायला लागलो, त्याला अडवायला नाही, नुसतं बघायला. कड्याच्या घसरणीकडे जाणारी वाट अरुंद आहे. एका बाजूला खाली पाणी, दुसऱ्या बाजूला पाखरांच्या घरट्यांचं कुंपण. तिथं दोन माणसं शेजारून जाऊ शकत नाहीत, पुढच्याचं अंग मागच्याच्या नाकाशी असतं. त्या वाटेवर मला वास आला. बेटावर वासातून वास ओळखणं सोपं नाही. हा वेगळा होता, गोडसर, सडक्या फळासारखा.

घसरणीपाशी त्यानं पोतं सोडलं तेव्हा मी मागून त्याच्या सदऱ्याची कॉलर धरली आणि खाली ओढली. डाव्या खांद्यावर पिठाच्या पोत्याच्या कापडाच्या घड्या होत्या. एकीवर एक, चिकटलेल्या. त्यांच्याखाली चघळलेल्या पानांचा चोथा लेप दिल्यासारखा दाबून बसवलेला, आणि त्याच्या कडेनं पिवळं पाणी. त्यात विष्ठेची धूळ, करडी, पिठासारखी. चोथ्याखाली काहीतरी हललं.

इतके हंगाम बेटावर काढले, त्या दिवशी मी पहिल्यांदा ओकलो. समुद्रकाठच्या माणसासारखा.

आब्दोननं कॉलर वर ओढली. "झालं तुझं बघून?"

"पिण्याचं पाणी आणणारी बोट यायची आहे. तिच्यातून जा. हात जाईल नाहीतर. जीवही जाईल."

"हंगाम थोडाच राहिलाय."

"मी मुकादमाला सांगतो."

"सांग की. त्याला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"त्यानंच मलम दिलं. म्हणाला, कोणाला दाखवू नकोस, बाकीच्यांचा धीर सुटतो."

मी मुकादमाकडे गेलो नाही. गेलो असतो तर माझ्या हातातलं फावडं त्याच्या जाड मानेत गेलं असतं. मी तायताकडे गेलो. तो पोतं शिवत होता. मी सगळं सांगितलं, हललं तेसुद्धा. त्यानं टाका ओढला, गाठ मारली, दोरा दातानं तोडला.

"खांदा कुठला? डावा?"

"डावा."

"हं," तायता म्हणाला आणि दुसरं पोतं ओढलं.

दुसऱ्या दिवशी सूर्य टोकावर आला. तायतानं दाभण खोचलं, पण "बसा" म्हणाला नाही. फडक्याची गुंडाळी काखेत मारून चालायला लागला. आम्ही मागे गेलो. कड्याच्या अरुंद वाटेवर, बरोबर मधोमध, तो खाली बसला आणि फडकं पसरलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत वाट झाकली गेली. पानं ओतली. मग म्हणाला, "बसा."

आम्ही फडक्याच्या दोन्ही बाजूंना वाटेवर ओळीनं बसलो. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. खाली पाणी खडकावर आपटत होतं.

आब्दोन पोतं घेऊन पळत आला आणि थांबला.

"वाट सोडा."

कोणी हललं नाही. तायता पानांची देठं काढत होता.

"तायता, पोतं आहे खांद्यावर."

"दिसतंय. आंधळा नाही झालो."

"मग सरका ना."

"बैठक चालू आहे. संपली की सरकू."

"कधी संपेल?"

"पानं गोड आहेत आज," तायता म्हणाला. "वेळ लागेल."

एक जण मागून म्हणाला, "उडी मार की. पळता येतं तर उडीही येत असेल." दोघं हसले. तायतानं मान वळवून बघितलं तसे गप्प झाले.

टेकाडावरून शिट्टी वाजली. मुकादम ओरडत होता, काय झालं, वाट का तुंबली, रुरुश, थांबू नकोस. आब्दोनचा उजवा पाय उचलला गेला. फडक्याच्या काठापर्यंत आला. मला त्याची नखं दिसत होती, काळी, फुटलेली. त्याच्या पायाखाली आमची ओंजळ, तायताच्या बायकोचं विणकाम आणि जमिनीच्या नावानं बाजूला ठेवलेली पानं. त्यानं ते ओलांडलं असतं तर बेटावर काय, गावातही त्याला कोणी पाणी विचारलं नसतं. शिट्टी मिळाली असती.

पाय हवेतच होता. पुन्हा शिट्टी. हनुवटीवरून लाळ ओघळून फडक्याच्या काठावर पडली. तायतानं ती बोटानं पुसली आणि बोट आपल्या विजारीला पुसलं. त्याच्या तोंडावर काही नव्हतं, राग नाही, दया नाही. लहान पोराचं नाक पुसावं तसं.

आब्दोननं पाय मागे घेतला.

मग पोतं उतरवायला गेला. पोतं उतरलं, पण त्याच्याबरोबर खांद्यावरच्या घड्याही निघाल्या, आणि घड्यांबरोबर कातडं. तो ओरडला नाही. घशातून एक आवाज आला, शेळीसारखा. वास वाटेवर पसरला. माझ्या शेजारच्यानं तोंड फिरवलं.

"बस," तायता म्हणाला.

आब्दोन बसला. त्याला बसता येत नव्हतं. टाचांवर टेकला, उठल्यासारखं केलं, पुन्हा टेकला. तायतानं ओंजळ भरली आणि पुढे केली. आब्दोननं उजवा हात पुढे केला. तायता तसाच थांबला, ओंजळ न सोडता. आब्दोननं डावा हात उचलायचा प्रयत्न केला. हात कोपरापर्यंत आला आणि तिथंच राहिला. बोटं हलत होती, हात नाही.

तेव्हा सगळ्यांना कळलं. टोळीतले जे त्याला कड्यावरून ढकलणार होते, त्यांनाही.

तायतानं पुढे झुकून त्याचा डावा हात आपल्या हातानं धरला, उजव्याशेजारी आणून ठेवला आणि दोन्ही तळव्यांवर पानं ओतली. "घे. आता बरोबर आहे."

मुकादम धावत आला. फडक्यापाशी येऊन तोही थांबला. ओलांडायची त्याचीही हिंमत झाली नाही, पण तोंड चालू होतं. बोट यायच्या आत वाट मोकळी पाहिजे, तुम्हा सगळ्यांना हाकलतो, रुरुश, ऊठ. आब्दोन पानं चघळत होता. रडत नव्हता. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण ते दुखण्याचं होतं.

"मुकादम," तायता म्हणाला, "बसायचं असेल तर बस. नाहीतर जा, ऊन अडवतोयस."

पाण्याच्या बोटीनं आब्दोन गेला. फळीवर मुकादमानं दुसऱ्याचं नाव काढलं. ज्याचं काढलं त्यानं त्याच संध्याकाळी ते खरवडून टाकलं. तुकडे मोठेच दिले जात होते, आम्ही जुन्याएवढंच काम करून समुद्राकडे जायचो. उर्बानो दिवसचे दिवस ओरडत राहिला, मग घसा बसला. पोती रोज तेवढीच जात होती जेवढी पूर्वी जायची. तराफा कधी रिकामा गेला नाही.

काठावरच्या दवाखान्यात आब्दोनच्या खांद्याचं मांस काढावं लागलं. हात वाचला. पण तो खांद्याच्या वर जात नाही आणि ओझं पेलत नाही. शिट्टीचं पुन्हा कोणी नाव काढलं नाही.

हंगाम संपवून मी गावी आलो तर त्याची बायको एर्मेलिंदा दारातच उभी.

"भाऊजी, तुमच्या कोंपाद्रेंना बघा जरा. मला काही सुधरत नाही."

"काय करतो?"

"उजाडायच्या आत उठतात. अंगणातले दगड या भिंतीपासून त्या भिंतीपाशी नेतात. एका हातानं. दुसऱ्या दिवशी परत इकडे. वाटेनं कोणी आलं की टोपली उचलतात, रिकामी, आणि कुठं तरी निघाल्यासारखं करतात. परवा तर डुकरानं पण त्यांच्याकडे मान वाकडी करून बघितलं."

मी गेलो. खरंच दगड वाहत होता. घाम, धाप, आणि अंगणात दोन ढीग, एक वाढतोय, एक कमी होतोय. त्या ढिगांचा कोणाला काही उपयोग नव्हता. मी आयुष्यभर ओझी वाहिली. असलं ओझं बघून मला बेटावरची त्याच्या खांद्यावरची जखम आठवली.

"ठेव ते खाली."

"लोक बघतात, कोंपाद्रे."

"लोकांना डोळे आहेत. ठेव."

त्यानं ठेवला. आम्ही दगडावर बसलो. एर्मेलिंदानं भाजलेला मका आणून ठेवला आणि आत गेली, पण दारामागेच उभी राहिली. तिची सावली दिसत होती.

"बसलो की बाबा दिसतो," तो म्हणाला.

"तुझ्या बापाच्या छातीत खाणीची धूळ होती. तो आळशी नव्हता. तो मरत होता, बसून."

"मला माहीत आहे."

"मग?"

त्यानं मक्याचे दाणे तळहातावर घेतले, खाल्ले नाहीत. "तेव्हाही माहीत होतं. रात्री खोकायचा ते ऐकायचो ना. तरी पोरं ओरडायची ऐतखाऊ, तेव्हा मीही त्यांच्यात उभा राहून ओरडायचो. म्हणजे मला नाही म्हणणार म्हणून. त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं आणि हसला."

 मी मका चावत राहिलो. माझे दात आता चांगले नाहीत, वेळ लागतो.

"तू काय करू शकतोस?" मी शेवटी विचारलं. "खरं सांग. फुशारकी नको, रडगाणं नको."

त्यानं उजव्या हाताची मूठ वळली, उघडली. "उजवा हात चांगला आहे. दुपारपर्यंत चालतो. दुपारनंतर खांदा पेटतो, मग सगळंच वाकडं होतं."

"मग दुपारपर्यंत काम कर."

"आणि दुपारनंतर?"

"मला काय विचारतोस? मी काय तुझी आई आहे?"

दारामागे एर्मेलिंदा फिस्सकन हसली.

पाटाच्या सफाईची वेळ आली. डोंगरावरून पाणी आणणारा पाट दरवर्षी पेरणीआधी सगळं गाव मिळून साफ करतं. त्याआधी सभा भरते आणि प्रत्येक घरानं आपला कामाचा वाटा सगळ्यांसमोर बोलायचा असतो. पुरुष असलेल्या घराचा वाटा पूर्ण. ज्या घरात पुरुष नाही त्या घराचा अर्धा, त्याला विधवांचा वाटा म्हणतात. त्या बायका वरच्या वळणावर काम करतात, दुपारी घरी जातात, आणि त्यांना कोणी काही म्हणत नाही.

सभेचा पुढारी गाउदेन्सियो एकेका घराचं नाव घेत होता. "रुरुश."

आब्दोन उभा राहायला हवा होता. तो बसूनच बोलला. "अर्धा."

"काय?"

"विधवांचा वाटा धरा माझा."

 मग मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "काय रे, नवरा कधी मेला तुझा?"

सगळी सभा हसली. बायकांची बाजूसुद्धा. मी आब्दोनकडे बघत होतो. त्याची मान लाल झाली. टोपली उचलून पळण्यासारखं तिथं काही नव्हतं. मला वाटलं आता हा उठेल, पूर्ण वाटा म्हणेल, दोन वाटे म्हणेल, आणि पाटावर मरेल. 

"बेटावर मेला," आब्दोन म्हणाला. "पोत्याखाली. फार पळायचा मेला."

हसू अर्धवट राहिलं. एर्मेलिंदा मात्र मोठ्यांदा हसली, तोंडावर हात न ठेवता. तिच्यामागे एक खरी विधवा हसली, मग आणखी एक. गाउदेन्सियोनं खाकरून घेतलं. कोणीतरी पुटपुटलं, बापासारखाच निघाला. आब्दोननं ते ऐकलं. मीही ऐकलं. तो तिकडे वळून म्हणाला, "हो." बस, एवढंच. मग गाउदेन्सियोनं पुढचं नाव घेतलं.

सफाईच्या दिवशी आब्दोन वरच्या वळणावर बायकांमध्ये होता. उजव्या हातानं फावडं, डावा हात मुठीपाशी नुसता टेकलेला. सावकाश काम करत होता. पळत नव्हता. बायका बसल्या की बसत होता, त्या उठल्या की उठत होता. त्याच्या कानावर काही टोमणे नक्की गेले असतील, पाटावर सगळं ऐकू येतं. खाली आमच्याकडे दोघं-तिघं दगड घेऊन धावत होते, कोणी बघतंय का ते बघत. मला धावणारा माणूस बघवत नाही. मी त्यांच्याकडे पाठ केली.

ऊन माथ्यावर आलं. आब्दोननं फावडं धुतलं, उजव्या खांद्यावर टाकलं आणि आमच्या सगळ्यांच्या समोरून, पाटाच्या काठाकाठानं, घरी निघाला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. माझ्यापाशी आल्यावर थांबला.

"चाललो, कोंपाद्रे."

"जा."

"तू किती वेळ?"

"संध्याकाळपर्यंत. मला बसवत नाही घरी."

"हं," तो म्हणाला, अगदी तायतासारखा, आणि गेला.

संध्याकाळी काम आटोपल्यावर मी वर चढलो, त्यानं साफ केलेला तुकडा बघायला. दुसऱ्याचं काम तपासायची मला खोड आहे, सगळ्यांना माहीत आहे. तळ सपाट होता, काठ सरळ, गाळ बाहेर नीट दाबलेला. एका वळणात साचलेल्या पाण्याखाली एक दगड राहिला होता. मी आत उतरून तो काढला.